तिसरा पंखा

मिस्त्रीच्या दुकानात गाडी लावून "पाच मिनिटांत होईल ना?" असं विचारणारा माणूस नवखा आहे, हे शेजारच्या टायरवाल्याला लगेच कळायचं. तो त्या माणसाला स्वतःची खुर्ची द्यायचा आणि म्हणायचा, "बसा निवांत. तीन पंखे झाल्याशिवाय चावी मिळत नाही इथे."

तीन पंख्यांची भानगड अशी. मिस्त्री फक्त गाडी थंड ठेवायचं काम करायचा. रेडिएटर, पाण्याचा पंप, रबरी पाइप, एवढंच. ब्रेक वाजतोय म्हणून कुणी आलं तर तो सरळ पुढच्या दुकानाकडे बोट दाखवायचा. पण पाण्याच्या कामात त्याचा हात धरणारं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. दुरुस्ती झाली की इंजिनात नवं पाणी भरायचं, आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू व्हायची. पाणी भरताना आत हवा राहते. ही हवा उंच जागा शोधते, वळणात दबा धरून बसते, आणि ती जिथे बसली तिकडे पाणी फिरकत नाही. तेवढा भाग आतल्या आत तापत राहतो. म्हणून मिस्त्री गाडीची पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवायचा, रेडिएटरचं तोंड सगळ्यांत वर आणायचा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचा आणि स्टूल ओढून बसायचा. पाणी तापलं की गाडीचा पंखा आपोआप फिरू लागतो. बुडबुडे वर येतात, पाणी खाली जातं, मिस्त्री वरून भर घालतो, पंखा थांबतो. असं एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसरा पंखा आपणहून फिरला की झाकण बंद आणि चावी गिऱ्हाइकाच्या हातात. या सगळ्याला सव्वा तास जायचा.

सव्वा तास कुणापाशी असतो? लोक कातावायचे, घड्याळं दाखवायचे, मोठमोठ्या ओळखी सांगायचे. मिस्त्री ढिम्म. एकदा तर त्याने एका नवरदेवाला दुसऱ्या पंख्यावर बसवून ठेवलं होतं. नवरदेव शेवटी हारतुऱ्यांसकट बसने गेला, आणि गाडी मागाहून रिकामी आली. तेव्हापासून लोक पाठीमागे त्याला 'तीनपंखे' म्हणू लागले. त्याच्या कानावर ते आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. माणसाच्या नावावर आयुष्यात काहीतरी लागावं लागतं. त्याच्या नावावर हे लागलं होतं.

दुकानात दुसरी खुर्ची त्याच्या बायकोची. तिचा एक डोळा लहानपणापासूनच अधू. दुसऱ्या डोळ्यावर तिने पंचवीस वर्षं शिवणकाम केलं, आणि चार वर्षांपूर्वी त्या डोळ्यात कसलासा संसर्ग झाला आणि बुबुळ दुधासारखं पांढरं पडलं. उजेड आहे की अंधार, एवढंच तिला कळायचं. डॉक्टर म्हणाले, बुबुळ बदलता येईल, पण कुणाचं तरी मिळायला हवं. यादीत नाव घातलं. दोन वर्षं झाली. घरात एकटीने ती दारा-खिडक्यांना धडकायची, म्हणून मिस्त्री तिला रोज दुकानात घेऊन यायचा.

आणि दुकानात ती अगदीच शोभेला बसली नव्हती. गाडीत पुढच्या फळीमागे हीटरची बारीक नळी असते, हवा हमखास तिथे अडकते आणि पाणी फिरताना गुळगुळ आवाज येतो. इतका बारीक की चालू इंजिनात मिस्त्रीला कधीच ऐकू येत नसे. बायकोला यायचा. मिस्त्री तिला गाडीत बसवायचा आणि विचारायचा, "गेली का?" ती कान देऊन म्हणायची, "अजून आहे." मग मिस्त्री पुन्हा स्टुलावर.

त्या दिवशी सकाळी ठोकळ्यांवर मेव्हण्याची गाडी होती. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, भाड्याने गाडी चालवायचा. त्याच गाडीवर त्याचं घर चालायचं. आदल्या संध्याकाळी मिस्त्रीने तिचा पंप बदलला होता, सकाळी पाणी भरलं होतं आणि पहिला पंखा नुकताच होऊन गेला होता. सव्वानऊला मुलीचा फोन आला. मुलगी घाटापलीकडच्या मोठ्या शहरात, सासरी. हॉस्पिटलने तिचाच नंबर लिहून घेतला होता.

"बाबा, बुबुळ मिळालंय," ती म्हणाली. "आजच बसवायचंय. तीनच्या आत आई इथे पाहिजे. तीननंतर ते यादीतल्या पुढच्या माणसाला देणार. तुम्ही निघा, मी हॉस्पिटलमध्ये जाऊन बसते."

मिस्त्रीने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे काल कुणीतरी गेलं असणार." मग उठली आणि भिंतीचा आधार न घेता दारापर्यंत चालत गेली.

शहर सव्वाचार तासांवर. वेळ होता, पण फार नव्हता. दुसरी गाडी शोधायची तर शोधण्यातच तास गेला असता. मेव्हणा म्हणाला, "ही तयारच आहे की. चला." घरी जाऊन कपड्यांची पिशवी, जुने कागद घेऊन तो आला तोवर दुसरा पंखा फिरून थांबला होता. दहा वाजले होते. तिसऱ्याला अजून वीस-पंचवीस मिनिटं.

"भाऊजी, आता पुरे," मेव्हणा म्हणाला. "आज तरी तुमचं ते शास्त्र बाजूला ठेवा."

मिस्त्रीने वाकून खालच्या पाइपला हात लावला. पाणी नीट फिरत असेल तर तो चटका देतो. पाइप कोमट होता. बायको मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पायांत सणासुदीला काढायच्या चपला होत्या. त्याने वाकूनच विचारलं, "अगं, ऐकू येतंय का काही?"

"नाही," ती म्हणाली.

त्याने झाकण लावलं. नवरदेवाला बसने पाठवणारा हा माणूस, स्वतःच्या बायकोच्या डोळ्यांचा प्रश्न आला तेव्हा दोन पंख्यांवर उठला. ठोकळे त्याने पायानेच बाजूला सारले, टायरवाल्याला दुकानाकडे बघ म्हणून सांगितलं आणि गाडीत चढला.

सपाट रस्त्यावर दोन-अडीच तास गाडी मस्त चालली. मेव्हणा खुशीत होता. "ताई, डोळे उघडल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे बघू नकोस, घाबरशील," असं काहीबाही बोलत होता, आणि ती हसत होती. मिस्त्री हसत नव्हता. पुढच्या सीटवर तो टेम्परेचरच्या काट्याला डोळे लावून बसला होता. काटा मधोमध होता. मधोमधच असायला हवा.

घाट लागला. चौथ्या-पाचव्या वळणावर गाडी जड ओढायला लागली. मिस्त्रीने हात पुढे करून हीटरचं बटण पूर्ण फिरवलं.

"भर दुपारी हीटर?" मेव्हणा म्हणाला.

मिस्त्रीने जाळीपुढे तळहात धरला. इंजिन इतकं तापलेलं असताना तिथून भाजणारी हवा यायला हवी होती. आली ती गार. त्या गार वाऱ्याने त्याला दरदरून घाम फुटला.

"थांबव," तो म्हणाला.

"इथे? अहो, काटा बघा, मधोमध आहे."

"काटा पाण्याचा ताप सांगतो. तिथे पाणीच नाहीये, हवा बसलीय. काटा काय सांगणार? थांबव गाडी."

मेव्हण्याने कडेला घेतली. बारा पस्तीस झाले होते. बॉनेट उघडलं तर बाजूच्या जादा पाण्याच्या टाकीतून वाफ सूं सूं करत बाहेर पडत होती. मिस्त्रीने आयुष्यात हजारो वेळा ऐकलेला आवाज, पण या वेळी त्याने आधी घड्याळात बघितलं.

पुढचं गणित त्याला तोंडपाठ होतं. तापलेलं झाकण उघडता येत नाही. उघडलं तर आतलं पाणी उसळून तोंडावर येतं आणि उरलंसुरलंही जातं. वरून गार पाणी मारलं तर तापल्या लोखंडाला तडा जातो. इंजिन आपसूक निवायला तास लागणार, म्हणजे दीड वाजणार. मग पाणी भरायचं, हवा काढायची, निदान अर्धा तास. दोन. आणि तिथून शहर पावणेदोन तास. गणित चार वेळा केलं तरी उत्तर तेच येत होतं.

"तसंच दामटू," मेव्हणा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "जळली गाडी तर जळू दे. ताईला पोचवू. गाडीचं मी बघतो नंतर काय ते."

ज्या गाडीवर त्याचं घर चालत होतं, ती तो जाळायला निघाला होता. मिस्त्रीला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. तो म्हणाला, "जाळून पोचणार असतो तर मीच चालवली असती. तिसऱ्या वळणावर इंजिन जाम होईल. मग ना इकडचे ना तिकडचे."

मग जे जे सुचलं ते सगळं केलं. मेव्हणा रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात करू लागला. एक मोटार आली, खचाखच भरलेली, काच खाली करून "सॉरी" म्हणाली आणि गेली. एक ट्रक थांबला. ड्रायव्हर भला माणूस होता, खाली उतरला, इंजिनकडे बघून हळहळला, पण तो पुढच्याच फाट्यावरून दगडाच्या खाणीकडे वळणार होता. बस साडेतीनला होती. मेव्हण्याने ओळखीच्या सगळ्या गाडीवाल्यांना फोन लावले. जवळात जवळचा दीड तासावर निघाला. शेवटी त्याने गाडीतली रबरी चटई उचलली आणि उघड्या इंजिनाला वारा घालू लागला. त्याने काही होत नसतं. मिस्त्रीला ते ठाऊक होतं, तरी त्याने त्याला अडवलं नाही. थोड्या वेळाने त्यानेही दुसरी चटई घेतली. दोन बाप्ये घाटात उभे राहून गाडीला वारा घालतायत, हे बघून जाणारे-येणारे हसत होते, आणि हसणारच.

हात भरून आले तेव्हा मिस्त्री कठड्याशी गेला. बायको तिथे सावलीला बसली होती. तो शेजारी बसला. मूग गिळून बसणं दोघांनाही जमायचं, पण त्या दिवशी तिला जमलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"सकाळी. तुम्ही विचारलंत ना, तेव्हा. गुळगुळ चालूच होती." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "म्हटलं, हो म्हणाले तर तुम्ही पुन्हा स्टुलावर बसाल. आणि मग उशीर होईल."

मिस्त्रीला संताप आला. असा की तीस वर्षांच्या संसारात कधी आला नव्हता. ओरडायला त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याला तो कोमट पाइप आठवला. हवा आत आहे हे त्याला हाताने कळलं होतं. मग तिला विचारलं कशाला? कारण 'नाही' हा शब्द त्याला हवा होता, आणि तो स्वतःच्या नव्हे, तिच्या तोंडून हवा होता. आयुष्यभर ज्या बाईने त्याला खरं तेच सांगितलं, तिच्या गळ्यात त्याने आपलं खोटं घातलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "पाइप कोमट होता."

"मग निघालो कशाला आपण?"

"तुला दिसावं म्हणून."

पंचवीस मिनिटं थांबले असते तर हेच वळण न थांबता पार करून पावणेतीनच्या सुमाराला हॉस्पिटलच्या दारात असते. दोघांच्याही मनात तेच चाललं होतं.

सव्वा वाजता फोन वाजला. मुलगी दबक्या आवाजात बोलत होती. गाडी तापल्याचं तिला मामाने आधीच कळवलं होतं.

"बाबा, डॉक्टर विचारतायत, नक्की किती वाजतील. पुढचं नाव ज्यांचं आहे त्या इथेच आहेत. शाळेत शिकवतात. सकाळपासून उपाशीपोटी थांबवून ठेवलंय त्यांना. तुम्ही येताय म्हटलं तर त्यांना घरी सोडतील. तीन-सव्वातीनपर्यंत जमत असेल तर मी हातापाया पडून थांबवते. खरं सांगा."

खोटं सांगता आलं असतं. सव्वातीन म्हणायचं, मग साडेतीन म्हणायचं, मग पोचायचंच. मधल्या वेळात त्या बाईंना घरी पाठवलं असतं, आणि डॉक्टर वाट बघून निघून गेले असते तर ते बुबुळ कुणाच्याच उपयोगी पडलं नसतं. मिस्त्रीच्या ओठांवर सव्वातीन आलं होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने हात पुढे केला होता. त्याने फोन तिच्या हातात दिला.

"अगं, पावणेचार होतील," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचा हिशोब या बाबतीत चुकत नाही. त्या बाईंना आत घ्यायला सांग."

पलीकडून मुलगी बरंच काही बोलली. बायको "हो, हो, येईल नंबर परत कधीतरी" म्हणत राहिली. मग पलीकडे फोन कुणीतरी ओढून घेतला असावा, कारण एकदम "आजी, आजी, आजी" असा आवाज यायला लागला, इतका मोठा की चटई घेऊन उभ्या मेव्हण्यालाही ऐकू गेला. अडीच वर्षांची नात. बायको तिच्याशी बोलली, हसली, फोन बंद केला आणि पदराने तो पुसून नवऱ्याकडे दिला.

पावणेदोनला मिस्त्रीने झाकण उघडलं. पाणी ओतलं, मेव्हण्याला इंजिन चालू करायला सांगितलं, आणि पाइप दोन्ही हातांनी दाबत राहिला. बऱ्याच वेळाने रेडिएटरच्या तोंडाशी एक मोठा बुडबुडा आला आणि फुटला. मूठभर हवा. पाणी झरकन खाली गेलं आणि खालचा पाइप त्याच्या हाताला चटका देऊ लागला. मेव्हण्याने हीटरपुढे हात धरून आतून ओरडून सांगितलं, "गरम येतंय, भाऊजी." कुणालाही आनंद झाला नाही.

"आता घरी, का पुढे?" मेव्हण्याने विचारलं.

"पुढे," कठड्यावरून बायको म्हणाली. "लेक वाट बघतेय. नात भेटेल."

मिस्त्री हात पुसत तिला उठवायला गेला. ती उठली नाही. आपली जागा चाचपून तिने त्याला बसायला जागा करून दिली.

"एक सांगा," ती म्हणाली. "तिचं नाक कुणावर गेलंय?"

दोन वर्षं ती असलं काही विचारायची आणि दोन वर्षं तो म्हणायचा, "बघशीलच की आता." पडद्याचा रंग कोणता घेतला, बघशील. लेक वाळलीय का, बघशील. त्यात त्याची काही लबाडी नव्हती. त्याला खरंच वाटायचं की ती बघणार, मग आपण कशाला आधी सांगायचं. आज ते म्हणायची सोय उरली नव्हती.

"नाक ना," तो म्हणाला, आणि थांबला.

तो नातीला पाच-सहा वेळा भेटला होता. दर वेळी घटकाभर तिला मांडीवर घ्यायचा आणि मग खाली जाऊन जावयाच्या गाडीचं बॉनेट उघडायचा. त्या गाडीचा कुठला पाइप कुठे वळतो, कुठली पट्टी गंजलीय, कुठला स्क्रू दुसऱ्या मापाचा आहे, हे त्याने आत्ता डोळे मिटून सांगितलं असतं. त्याने डोळे मिटले. नातीचे केस दिसले, लाल फ्रॉक दिसला, हातातलं बिस्किट दिसलं. चेहऱ्याच्या जागी काही येईना.

मेव्हण्याने हॉर्न वाजवला. बायकोने मान त्याच्याकडे वळवली होती आणि ती थांबली होती.

"सांगा ना," ती म्हणाली. "आता तुम्हीच सांगायचंय."